अर्धा फेरा

गेणभाऊला राग आला की आधी कान लाल व्हायचे, मग मान, आणि मग तोंड सुटायचं. निमगाव सावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कान लाल दिसले की माणसं काहीतरी काम आठवल्यासारखं करून काढता पाय घ्यायची. त्या दिवशी आळेफाट्यावर चिमाजी मिस्त्रीच्या गॅरेजात मात्र कुणाला पळायला सवडच मिळाली नाही.

"कुनी हात लावला हिला? मिस्त्री, मला नाव सांगा. फकस्त नाव."

चिमाजी बॉनेटमध्ये डोकं घालून उभा होता. त्यानं डोकं वर काढलं नाही.

"नाव कुठं लिवलेलं नसतं, गेणभाऊ. पर हात लावलाय, ह्ये खरं. ही बघा माझी पिवळी खूण. आन् नट कुठं गेलाय बघा. तीन फेरे. पुरे तीन फेरे ढिला केलाय."

गेणभाऊनं वाकून पाहिलं. इंजिनाजवळून एक बारीक वायर गिअरबॉक्सकडे गेली होती. ती जिथं पट्टीत अडकवली होती तिथं दोन नट होते. दोन वर्षांपूर्वी चिमाजीनं ते नट आवळले, त्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका दिला आणि सांगितलं होतं, ह्या ठिपक्याला तुमचा देव आला तरी हात लावू द्यायचा न्हाई. आता अर्धा ठिपका पट्टीवर होता आणि अर्धा नटाबरोबर फिरून भलतीकडेच गेला होता.

बाजूला बाकड्यावर लंकाबाई, गेणभाऊची बायको, पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. ती काही बोलली नाही. गेणभाऊला राग आला असताना ती कधीच बोलत नसे, तेव्हा त्याला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

एवढ्याशा नटासाठी एवढा गहजब कशाला, असं कुणाला वाटेल. वाटणाऱ्याला दोन्ही पाय असतील. गेणभाऊला एकच होता.

बावीस वर्षं त्यानं टेंपो चालवला. बेल्ह्याच्या बाजारात बैल पोचवायचे, तिथून माघारी बैल आणायचे, सुगीत वाशीला कांदा न्यायचा. नव्व्याण्णव साली आणे घाटाच्या पायथ्याला टायर बसला म्हणून तो आणि त्याचा मेहुणा भगवंत खाली उतरले, भगवंतानं जॅक लावला, दोघं चाक बदलायला लागले, आणि मागून आलेल्या एका ट्रकनं टेंपोला घासून जाताना गेणभाऊचा डावा पाय चिरडून नेला. भगवंतानं डोक्याचं मुंडासं सोडून मांडीला करकचून आवळलं, म्हणून तर माणूस वाचला. पुण्याच्या दवाखान्यात एक्केचाळीस दिवस भगवंत खाटेखाली चटई टाकून झोपला. घरी आणलं तेव्हा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता, नकली होता.

ब्रेक आणि रेस उजव्या पायाची. क्लच डाव्याचा. क्लच गेला म्हणजे ड्रायव्हर गेला. लोक भेटायला यायचे आणि उठताना म्हणायचे, "आता बसा निवांत." ह्या तीन शब्दांनी गेणभाऊच्या अंगाचा जेवढा तिळपापड व्हायचा तेवढा त्या ट्रकवाल्याच्या नावानंही होत नसे. दोन वर्षं तो ओट्यावर बसून रस्त्यानं जाणाऱ्या गाड्यांचे गिअर ऐकत राहिला आणि ज्यानं चुकीच्या वेळी गिअर टाकला त्याला बसल्या जागेवरून शिव्या देत राहिला.

मग वाशीच्या ज्या आडत्याकडे तो कांदा टाकायचा, त्यानं आपली जुनी जपानी गाडी देऊ केली. बारा वर्षांची, पांढरी, एका दाराला पोचा. पण ऑटोमॅटिक. क्लचचं पायडलच नाही. 'डी'वर दांडा ठेवायचा आणि रेस द्यायची, गिअर ती आपली आपण बदलते. पहिल्या दिवशी गेणभाऊनं ती वाशीहून स्वतः चालवत आणली, माळशेजच्या घाटातून, आणि गावात शिरताना वेशीपासून घरापर्यंत हॉर्नवरचा हात काढला नाही.

एकच खोड होती. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना गाडी हिसका द्यायची. मागं बसलेल्यांच्या माना हलायच्या. भगवंताला तर चेष्टेला विषयच मिळाला. "दाजी, बैल मारका निघाला की ह्यो," तो म्हणायचा. "बाजारात न्या, कुनी दात बी बघायचं न्हाई." मेहुण्यानं दाजींची चेष्टा करायची नाही तर कुणी करायची! पण गेणभाऊला ती लागायची. गाडी आपल्याच हातानं घडवल्यासारखी तो तिची बाजू घ्यायचा.

चिमाजी मिस्त्री आठ वर्षं मस्कतच्या गॅरेजात राबून आलेला. तालुक्यात असल्या गाडीला हात लावणारा तो एकटाच. त्यानं तेव्हा लंकाबाईला गाडीत बसवून रेस शेवटपर्यंत दाबायला लावली आणि स्वतः बॉनेटमध्ये वाकून वायरवरचा मणी आणि तिच्या नळीचं तोंड यातलं अंतर पाहिलं. "नखाच्या जाडीयेवढं पायजे," तो म्हणाला. नट अर्धा फेरा फिरवायचा, गाडी बेल्हे रोडला दहा किलोमीटर पळवून आणायची, पुन्हा पाहायचं, पुन्हा अर्धा फेरा. सकाळी सुरू केलेलं काम दुपारी चारला संपलं. लंकाबाईचा पाय रेस दाबून भरून आला. ती ब्लाउज शिवायची, मशीनवर बसायची तिला सवय होती, म्हणून निभावलं.

"हिसका अजून हाय की," गेणभाऊ तेव्हा म्हणाला होता.

"असू द्या. नीट ऐका." चिमाजीनं हात पुसत सांगितलं, लंकाबाईलाही ऐकू जाईल असं. "ही वायर गिअरबॉक्सला सांगती की मालकानं रेस किती दाबलीय. वायर ढिली झाली की त्याला वाटतं, मालक निवांत चाललाय, वझं न्हाई. मग त्यो आतल्या तेलाचं प्रेशर कमी ठेवतो. प्रेशर कमी, म्हंजी आतल्या प्लेटा एकमेकीला घट धरत न्हाईत, घसरत घसरत धरत्यात. वर बसनाऱ्याला वाटतं, वा, काय मऊ गिअर पडला! आन् आत प्लेटा जळत्यात. हिसका देती म्हंजी पकडती. कळ्ळं? मऊ झाली की समजायचं, ही मरायला लागली. आन् एकदा मेली की पुण्यात बी कुनी जिती करायचा न्हाई."

गेणभाऊला कळलं होतं. नीट कळलं होतं. आणि तरी गेल्या दोन महिन्यांत गाडी मऊ व्हायला लागली तेव्हा हा शहाणा खूश झाला. इंजिन रुळलं असेल, वापरानं गिअर मोकळे झाले असतील, असं काहीबाही त्यानं मनाशी ठरवलं. ओझरला गणपतीला जाताना भगवंताला मुद्दाम मागच्या सीटवर बसवलं आणि म्हणाला, "सांग आता, दुसरा कवा पडला?" भगवंताला सांगता आलं नाही. गेणभाऊची छाती फुगली. आपल्याच गाडीच्या मरणाचे त्यानं असे लाड केले.

आणि आज सकाळी आणे घाटाच्या चढाला, जिथं पाय गेला तिथून कोसभरही पुढं नाही, गाडीनं दगा दिला. रेस दिली तर इंजिन ओरडलं, पण चाकं पुढं जाईनात. बावीस वर्षांच्या ड्रायव्हरला तो आवाज सांगावा लागत नाही. त्यानं गाडी कडेला घेतली, तेलाची कांडी ओढून नाकाशी धरली. लाल तेल तपकिरी झालं होतं आणि त्याला करपल्याचा वास येत होता. लंकाबाई म्हणाली, "काय झालं वो?" तो म्हणाला, "गप बस." आणि बैलाला हाकावं तसं हळूहळू हाकत त्यानं तिला आळेफाट्यावर आणलं.

"प्लेटा काळ्या पडल्यात," चिमाजी आता गाडीखालून सांगत होता. "जळून राख न्हाई झाल्या. तेल बदलतो, वायर पुन्हा लावतो. जगंल. पर आणखी महिना गेला असता ना, तर ही भंगारात गेली असती. आन् एक सांगतो, आता हिसका आधीपेक्षा जास्त बसंल. सोसायचा."

मग तो बाहेर आला, बॉनेटमध्ये हात घातला आणि बॅटरीच्या मागच्या खोबणीतून एक पाना काढला. बाराचा. नटही बाराचाच.

"ह्यो माझा न्हाई," तो म्हणाला.

पान्याच्या दांड्यावर निळ्या रंगाचा पट्टा होता. बाजारात हत्यारं हरवतात म्हणून आपल्या झाडून साऱ्या हत्यारांवर निळा पट्टा मारणारा माणूस गेणभाऊला माहीत होता. गेणभाऊच्याच घरात ज्याची बहीण नांदत होती, तोच तो. गेणभाऊनं लंकाबाईकडे पाहिलं. तिनं पान्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. भावाचा पाना ओळखला हिनं, गेणभाऊला वाटलं. ओळखणारच.

"भगवंत," तो म्हणाला.

"अवो, माझं जरा..."

"तू भावाची वकिली करू नगंस!"

ती पुन्हा पदराच्या टोकाशी खेळत बसली.

तेल पुण्याहून यायचं होतं. गाडी चार दिवस गॅरेजात राहिली आणि ते चार दिवस गेणभाऊ घरात आधणासारखा उकळत राहिला. चेष्टा करायची तर तोंडानं करावी. हात का घालावा? आपल्याला विचारावंसंही वाटलं नाही ह्याला? पांगळा माणूस, त्याला काय कळतंय, आपणच उरकून टाकू, असंच ना? भाकरी पुढ्यात आली की तो म्हणायचा, "तुझा भाऊ." पाण्याचा तांब्या दिला की म्हणायचा, "तुझा भाऊ." लंकाबाईनं दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा त्यानं ते बंद केलं. रात्री शिलाई मशीन उशिरापर्यंत चालत राहिली.

सोमवारी बेल्ह्याचा बाजार. लंकाबाईला ब्लाउज पोचवायचे होते, रिळं आणायची होती. गाडी आदल्या दिवशीच परत आली होती. निघताना पहिला दुसऱ्यावर पडला आणि असा हिसका बसला की गेणभाऊचे दात एकमेकांवर आपटले. त्यानं ओठ घट्ट मिटले. लंकाबाईनं त्याच्याकडे पाहिलं आणि खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

बैलबाजारात धुरळा उडत होता. भगवंत आपल्या टेंपोपाशी उभा होता, संगमनेरच्या एका व्यापाऱ्याबरोबर, दोघांचे हात एका रुमालाखाली. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो. बघणाऱ्याला कळत नाही आणि मध्ये कुणी बोलायचंही नसतं. सौदा मोडायला आलेला माणूससुद्धा रुमाल उठेपर्यंत थांबतो. गेणभाऊ थांबला नाही. गाडी तिथंच मध्ये उभी करून, दार उघडं टाकून, तो पाय ओढत गेला आणि पाना भगवंताच्या नाकापुढे धरला.

"ह्यो कुनाचा?"

भगवंतानं पाना पाहिला. मग दाजींच्या खांद्यावरून गाडीकडे पाहिलं. लंकाबाई पुढच्या सीटवर बसली होती. तो थोडा वेळ तिच्याकडेच बघत राहिला.

"माझा हाय," तो म्हणाला.

"माझ्या गाडीत काय करत व्हता?"

"दाजी, सौदा चाललाय. मागनं बोलू."

"आत्ता बोल! वायरीचा नट कुनी फिरवला?"

भगवंताचा हात अजून रुमालाखालीच होता. "म्या फिरवला," तो म्हणाला. "हिसके लई व्हते म्हनून. चुकलं."

चुकलं म्हणाला, तिथंच खरं तर माणसानं थांबायचं. पण राग आलेल्या माणसाला समोरच्याची कबुली नको असते, त्याला समोरचा भांडायला उभा हवा असतो. चार दिवस साठवलेलं सगळं गेणभाऊच्या तोंडातून भडाभडा बाहेर पडलं. पाच-पन्नास माणसं गोळा झाली. चेष्टेखोर, उपटसुंभ, दुसऱ्याच्या गाडीचं वाटोळं करणारा, सगळं म्हणून झालं आणि तरी राग शिल्लक राहिला. मग त्यानं ते वाक्य म्हटलं, जे चार वर्षांत कधी म्हटलं नव्हतं, आणि जे आपल्या आत आहे हेही त्याला माहीत नव्हतं.

"एक पाय घेऊन पोट भरलं न्हाई का तुझं? तवा बी जॅक तूच लावला व्हतास ना?"

व्यापाऱ्यानं रुमालाखालून हात काढून घेतला. सौदा मोडला. भगवंतानं रुमाल झटकला, घडी घातली, खिशात ठेवला आणि टेंपोपाशी उभे असलेले आपले बैल पुन्हा खुंट्याला बांधायला लागला.

गेणभाऊ गाडीत येऊन बसला. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण छातीत कसलाच आनंद नव्हता, फक्त धाप होती. त्यानं गाडी काढली. ब्लाउज पोचवायचे राहिले, रिळं राहिली. गावाबाहेर एका कांद्याच्या चाळीपाशी लंकाबाई म्हणाली, "गाडी थांबवा."

"कशाला?"

"थांबवा म्हनते ना!"

अठरा वर्षांच्या संसारात ती अशी ओरडली नव्हती. गेणभाऊनं ब्रेक दाबला.

"नट म्या फिरवला," लंकाबाई म्हणाली.

त्याला आधी कळलंच नाही.

"पाना म्या भगवंताकडनं मागून आनला. म्हनलं, मशीनला पायजे. त्यानं विचारलं बी न्हाई, मशीनला पाना कशाला. आज तुमी त्याला दाखवला तवा त्याला कळ्ळं. माझ्याकडं बघितलं त्यानं, आन् सगळं आपल्या अंगावर घेतलं. आन् तुमी त्याला जॅकचं बोललात."

"तू?" गेणभाऊ म्हणाला. "तुला मिस्त्रीनं समदं सांगितलं व्हतं. तू तिथंच व्हतीस. रेस तूच दाबत व्हतीस!"

"म्हनून तर आलं मला. येका वेळी अर्धा फेरा. अर्धा फिरवायची, आठ दिस बघायची. मशीनचा दोरा ताठ झाला की टाका आवळतो, कापड गोळा व्हतं, मग जरासं ढिलं करायचं. म्हनलं, हिचं बी तसंच असंल, थोडक्यात काय व्हतंय. सहा वेळा फिरवला. मिस्त्री म्हनला ते माझ्या ध्यानात व्हतं. ध्यानात असून केलं."

"का?" आता गेणभाऊचे कान, मान सगळं लाल झालं होतं. "तुला बी मान हलल्याली सोसत न्हाई? तुला बी लाज वाटती माझ्या गाडीची?"

"तुमचा पाय!" लंकाबाई किंचाळली. "रोज सांच्याला पाय काढता तवा आतल्या मोज्याला रगत असतं. कोन धुतं ते मोजं? तुमी अंधारात काढून कोपऱ्यात टाकता आन् मला दिसत न्हाई असं समजता! इचारलं की म्हनता, 'काय न्हाई.' पुन्याला जाऊन पाय नवा बसवून घ्या म्हनलं की म्हनता, 'दोन महिने गाडीबिगर बसू का?' इचारायचं कुनाला म्या? गाडीनं आवाज केला की तुमाला कळतंय तिला काय झालं. तुमाला काय झालं हे मला कळाया तुमी आवाज तरी करता का?"

"गाडीच्या हिसक्यानं पायाला काय व्हतंय? कायतरी बोलू नगंस."

"हिसक्यानं न्हाई व्हत. चालवा. दुसरा पडूस्तोर चालवा. आन् रस्त्याकडं नगं, डाव्या गुडघ्याकडं बघा."

तिच्या आवाजात असं काही होतं की गेणभाऊनं ऐकलं. रस्ता मोकळा होता. त्यानं रेस दिली, गाडी निघाली, इंजिनाचा आवाज चढत गेला आणि दुसरा पडला. हिसका बसला. आणि त्याच क्षणी त्याचा डावा गुडघा पुढे गेला, मांडी ताठ झाली, आणि नकली पाय गाडीच्या पत्र्यावर दाबला गेला. पूर्ण. शेवटपर्यंत.

क्लच दाबला होता. बावीस वर्षं दाबत होता तसाच. नसलेल्या पायानं नसलेला क्लच. मांडीचा सगळा जोर गुडघ्याखालच्या त्या जुन्या जखमेवर आला आणि पार कमरेपर्यंत कळ गेली. ही कळ त्याला रोजची माहीत होती. तीच ओठ मिटून गिळायची त्याला सवय झाली होती. ती कुठून येते, हे मात्र त्यानं कधी पाहिलं नव्हतं, कारण तो रस्त्याकडे पाहत असे.

"दर गिअरला," लंकाबाई म्हणाली. "बेल्ह्याला जाऊन येईस्तोर म्या एकदा मोजलं. शंभरच्या वर गेलं आन् मोजायचं सोडलं. गिअर मऊ पडला की तुमाला कळायचं न्हाई आन् पाय बी गप बसायचा. मोजं कोरडं यायला लागलं. दोन महिने कोरडं व्हतं. बास, येवढंच केलं म्या. मारा आता."

गेणभाऊनं स्टिअरिंगवर दोन्ही हात आपटले. पुन्हा आपटले. राग आला होता आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. हिच्यावर काढावा तर हिनं रक्ताचे मोजे धुतले होते. भगवंतावर काढून झाला होता. मिस्त्रीनं त्याचं काम चोख केलं होतं. गाडी बिचारी, तिला सांगितलं तेवढंच तिनं ऐकलं. राहता राहिला तो स्वतः. दुखतंय एवढा एक शब्द तोंडातून निघाला असता तर नट जागेवर राहिला असता, आणि भरबाजारात ते जॅकचं वाक्यही निघालं नसतं.

"चार दिस का न्हाई बोललीस?"

"बोलू दिलंत?"

त्यानं गाडी वळवली.

बाजारात भगवंत टेंपोच्या सावलीला एकटाच बसला होता. बैल खुंट्याला बांधलेले. मघाची माणसं अजून आजूबाजूला रेंगाळत होती. असल्या भांडणाचा दुसरा अंक बघायला मिळतो का, ह्या आशेवर. गेणभाऊला पाना घेऊन पुन्हा येताना पाहिल्यावर भगवंत उठून उभा राहिला आणि त्यानं खिशातून रुमाल काढला. काय बोलायचं ते त्याखाली, हळू बोलू, असा त्याचा अर्थ. चारचौघांत पुन्हा तमाशा नको होता त्याला.

गेणभाऊनं रुमाल बाजूला सारला.

"ऱ्हाऊ दे. शिव्या उघड्यावर दिल्या, ह्ये बी उघड्यावरच बोलतो." आणि तो मागं वळून त्या रेंगाळलेल्या माणसांवरच खेकसला, "या की जवळ! मघाशी कसं आला व्हता? ऐका. माझ्या मेव्हन्यानं माझ्या गाडीला हात लावल्याला न्हाई. म्या खोटं बोललो. आन् जॅक त्यानं बरोबर लावला व्हता. चाकाखाली दगड बी त्यानंच लावला. म्या सोता वाकून बघितला व्हता. मी गाड्या जात्यात त्या अंगाला बसलो ती चूक माझी, आन् ट्रकवाल्याची. ह्याची न्हाई. झालं? आता जावा आपापल्या बैलाकडं."

माफी मागतानाही माणूस ओरडत होता. दुसऱ्या कुठल्या आवाजात मागायची, हे त्याला माहीतच नव्हतं.

भगवंतानं रुमाल खिशात कोंबला. मग त्याचाही आवाज चढला. "चार वर्सं, दाजी! चार वर्सं डोळा लागला की मला त्योच जॅक दिसतो. नीट बसला व्हता का, जरा सरकला व्हता का. कुनाला इचारू? तुमाला इचारायची छाती न्हाई झाली. आन् आज तुमी तेच काढलं, भरबाजारात!"

"तू इचारायचं व्हतंस."

"तुमी सांगायचं व्हतं!"

दोघंही धापा टाकत एकमेकांकडे पाहत राहिले. लंकाबाई गाडीतून उतरून मागं येऊन उभी राहिली होती. भगवंतानं तिच्याकडे पाहिलं, मग दाजींच्या हातातला पाना काढून घेतला आणि टेंपोच्या खोक्यात टाकला.

"हिला आता सुई बी देनार न्हाई मी," तो म्हणाला. नाक बाहीला पुसलं. "पायाचं काय? रगत येतंय म्हनं?"

"तुला कुनी सांगितलं?"

"बहीन हाय माझी. मला न्हाई सांगनार तर कुनाला?"

गेणभाऊनं लंकाबाईकडे पाहिलं. मग जमिनीकडे. "येतंय," तो म्हणाला. शब्द बाहेर काढायला त्याला टायर बदलण्याएवढे कष्ट पडले. "लई दुखतंय."

"मग परवा पुन्याला. मी येतो. माझ्या टेंपोत. तुमच्या गाडीत मी बसायचो न्हाई, मान मोडंल माझी."

परतताना ब्लाउज पोचवले, रिळं घेतली. बेल्हे सोडून गाडी मोकळ्या रस्त्याला लागली तेव्हा लंकाबाईनं इकडेतिकडे पाहिलं आणि आपला उजवा हात नवऱ्याच्या डाव्या गुडघ्यावर ठेवला. दिवसाढवळ्या, भर रस्त्यात. गेणभाऊ बिचकला.

"काय करतीस?"

"रस्त्याकडं बघा तुमी."

इंजिनाचा आवाज चढला. दुसरा पडला, चिमाजीनं लावला होता तसा, खणखणीत हिसका देऊन. गुडघा पुढे गेला. तिनं सगळा जोर लावून तो दाबून धरला, पण बावीस वर्षांची सवय एका हाताला आवरणारी नव्हती.

"दुखलं," गेणभाऊ मोठ्यानं म्हणाला.

"कळ्ळं," लंकाबाई म्हणाली, आणि तिसरा पडायच्या आधी तिनं दुसराही हात गुडघ्यावर ठेवला.